डॉक्टरांची लेक

१

ती खाट भंगारवाल्याकडून आणलेली होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे कितीही पुरावे निघाले तरी खाट भंगारातलीच.

इतिहास मंडळाचं संग्रहालय म्हणजे एका जुन्या डॉक्टरांचं दुमजली घर. डॉक्टरांना जाऊनच ऐंशी वर्षं झालेली. खाली त्यांचा दवाखाना, होता तसा ठेवलेला: टेबल, तराजू, निळ्या बाटल्या, रोग्यांनी बसून बसून गुळगुळीत केलेला बाक. वर बैठकीची खोली, पुस्तकांची कपाटं, आणि जिन्याच्या डाव्या हाताला एक छोटी खोली. एकच खिडकी, बाकी रिकामी. तिथे कोण राहायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. डॉक्टरांना बायको होती एवढं कागदांवरून कळायचं, तिचं नावसुद्धा कुठे लिहिलेलं नव्हतं. मूलबाळ असल्याची तर एका ओळीचीही नोंद नाही.

"रिकामी खोली दाखवायची नाही," मास्तर म्हणाले होते. "लोकांना वाटतं आपण कामचुकार आहोत."

मास्तर म्हणजे मंडळाचे सचिव. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला, पुराव्याशिवाय पाणीही न पिणारा माणूस. त्यांच्या हुकमावरून एक लहान लोखंडी खाट आली, तिला पांढरा रंग दिला, चादर घातली, पुढे दोर बांधला. खोली भरली, मास्तर खूश.

लोकांना घर दाखवायचं काम जिच्याकडे होतं तिला सगळे माहितीबाई म्हणायचे. दिवसाला चार फेऱ्या, प्रत्येक फेरी चाळीस मिनिटांची. मास्तरांचा नियम साधा होता. माहीत असेल ते सांगायचं, माहीत नसेल तर "माहीत नाही" म्हणायचं. माहितीबाईंनी तो नियम सहा वर्षं पाळला. मग एका मंगळवारी, चौथ्या फेरीला, पाय दुखत असताना आणि माणसं जांभया देत असताना, कुणीतरी विचारलं, "ही छोटी खाट कुणाची हो?"

"डॉक्टरांच्या लेकीची," माहितीबाई म्हणाल्या.

तोंडातून निघून गेलं. झालं.

२

थाप मारायची म्हणजे जवळचा माल वापरावा लागतो, नाहीतर दुसऱ्या दिवशी आपल्यालाच आठवत नाही. माहितीबाईंच्या जवळचा माल म्हणजे भिंगरी, त्यांची एकुलती एक लेक. एका जागी दोन मिनिटं टिकायची नाही म्हणून ते नाव. नवरा जहाजावर नोकरीला, वर्षातून दोनदा घरी. घरात त्या, भिंगरी आणि सासूबाई.

तर डॉक्टरांची लेक डावरी झाली, कारण भिंगरी डावरी. जिन्यावरून पडून तिच्या हनुवटीवर आडवी खूण राहिली, कारण भिंगरीच्याही होती. फेरीगणिक तिखटमीठ वाढत गेलं. झोपताना तिचा एक पाय पांघरुणाबाहेर असायचा. जेवताना ती गुणगुणायची, आणि बाप दटावायचा.

आणि शेवट? शेवट तर हवाच. "नऊ वर्षांची होती," माहितीबाई आवाज खाली आणून सांगायच्या. "एका सोमवारी शाळेतून आली ती अंगात ताप घेऊनच. सहा दिवस. गावभराचा ताप उतरवणारा बाप, पण स्वतःच्या लेकीचा काही उतरवता आला नाही."

मग खोलीत अशी शांतता पसरायची की खालचं घड्याळ वर ऐकू यायचं. बायका पदर, रुमाल जे हाताशी असेल ते डोळ्यांना लावायच्या. एकदा एक आडदांड गडी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला होता. खरं सांगायचं तर माहितीबाईंना ती शांतता आवडायची. दवाखाना बघून कुणी कधी रडलं नव्हतं.

तेव्हा भिंगरी सात वर्षांची होती. नऊ हा आकडा त्यांना फार लांबचा वाटला होता.

३

मंडळाचा एक कार्यक्रम असायचा. महिन्याच्या पहिल्या रविवारी लोकांनी घरातल्या जुन्या वस्तू घेऊन यायच्या, मास्तर चष्मा कपाळावर चढवून त्या बघायचे आणि काय आहे ते सांगायचे. बहुतेक वेळा "हे तुमच्या आजोबांच्या वेळचं नाही, गेल्या दहा-पंधरा वर्षांतलं आहे" असं सांगून ते माणसांचा हिरमोड करायचे.

दोन वर्षांनी अशाच एका रविवारी एक बाई पुठ्ठ्याच्या बांधणीची वही घेऊन आली. "मावशीच्या ट्रंकेत होती. मी मागे तुमची फेरी केली होती ना, बघताक्षणी म्हटलं, ही तुमच्या त्या मुलीचीच."

शुद्धलेखनाची वही होती. शाईनं लिहिलेली, अक्षर गोल, आणि प्रत्येक ओळ पुसट फिसकटलेली. डावखुऱ्या माणसाचा तळवा लिहिलेल्या ओल्या शाईवरूनच पुढे सरकतो, तसं. पहिल्या पानावर या घराचा पत्ता होता.

माहितीबाईंनी वही उलटीपालटी केली. 'म' लिहिताना शेवटचा दांडा खाली लांब ओढायची खोड. हे त्यांनी कुठे पाहिलं होतं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. कालच त्यावरून भिंगरीला घरी बोलणी बसली होती.

जगात डावऱ्या पोरी काय कमी आहेत? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते कधी कधी. त्यांनी स्वतःला असं समजावलं आणि मास्तरांनी वहीला संग्रहाचा क्रमांक घातला.

४

मग फोटो आला. पोस्टाने, पाठवणाऱ्याचं नाव नाही. घराची पायरी, पायरीवर एक मुलगी. कॅमेऱ्यासमोर स्थिर बसवलं नसावं तिला, चेहरा हलून गेला होता. नाक, डोळे काही कळत नव्हते. फक्त हनुवटी तेवढी स्पष्ट आली होती, आणि हनुवटीवर आडवी खूण.

मास्तरांनी भिंग लावून अर्धा तास फोटो बघितला आणि मग लहान मुलासारखे हसले. "बाई, ही तर लॉटरीच लागली. आपण कायमचा फलक लावू. दालनाला नाव देऊ. या शनिवारी दुपारी तीनला उद्घाटन, तुम्ही गोष्ट सांगायची."

माहितीबाईंनी दार लावून घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. मुलगी नव्हतीच, आपण रचली, ही खूण आपल्या लेकीची आहे.

मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "थाप मारलीत?"

"हो."

"मग ही वही कुणाची? हा फोटो कुणाचा?"

"तेच तर मला कळत नाही, मास्तर!"

"मला कळतंय." मास्तरांनी चष्मा पुसला. "तुम्ही लहानपणी हे कुणाकडून तरी ऐकलंय. माणूस ऐकलेलं विसरतो आणि मग आठवलं की वाटतं, आपणच रचलं. शाळेत मी शेकडो वेळा पाहिलंय. तुम्हाला वाटली ती थाप, निघाला तो इतिहास. उलट बरंच झालं की."

पटण्यासारखं होतं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तशी माहितीबाईंनी ती काडी घट्ट धरली. लहानपणी कुणीतरी सांगितलं असेल. हनुवटीवर खूण असलेल्या पोरीही काही कमी नसतात. पडतातच पोरं.

त्या आठवड्यात भिंगरीला नऊ पूर्ण होऊन तीन महिने झाले होते.

५

सोमवारी उद्घाटनासाठी साफसफाई काढली. दवाखान्याच्या टेबलाचा मधला खण नीट लागत नव्हता. माहितीबाईंनी तो पूर्ण बाहेर ओढला तर मागे एक छोटी काळी डायरी अडकलेली. डॉक्टरांचं अक्षर त्यांना पाठ होतं. काड्यामोड्या टाकल्यासारखं, आखूड.

सगळी डायरी कोरी होती, मधली काही पानं सोडून. सोमवारपासून सुरुवात. 'सोमवार. मुलगी शाळेतून आली, अंग गरम. १००. जेवली नाही.'

त्यांनी डायरी मिटली. पुढचं पान बघितलं नाही. खालच्या घड्याळात दुपारचे दोन झाले होते आणि टेबलावर ठेवलेला त्यांचा फोन वाजत होता.

"अगं, भिंगरीला शाळेतून आणलंय," सासूबाई म्हणाल्या. "जरा कणकण आहे. घाबरू नकोस, शंभरच आहे."

६

साथ होती. अर्ध्या वर्गाला ताप होता, असं त्यांचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले. तीन दिवसांत उतरेल, भरपूर पाणी द्या. माहितीबाईंनाही तसंच वाटत होतं, निदान दिवसा, माणसांत असताना. साथ आहे म्हटल्यावर डायरीचा संबंध काय?

तरी मंगळवारी कामावर जाताना त्यांनी थर्मामीटर बघितला, एकशे एक. दवाखान्यात शिरल्याबरोबर पर्स खांद्याला तशीच ठेवून डायरी उघडली. 'मंगळवार. १०१. डोकं दुखतं म्हणते.'

भिंगरी सकाळी डोकं धरूनच बसली होती.

बुधवारी त्यांनी उलटं केलं. आधी डायरी बघायची नाही असं ठरवलं आणि दर तासाला घरी फोन केला. संध्याकाळी ताप एकशे दोन पॉइंट चार. मग डायरी उघडली. १०२.४. चार सुद्धा.

बाकावर, रोगी बसायचे तिथे, त्या बराच वेळ बसून राहिल्या. पुढच्या फेरीची माणसं दारात येऊन थांबली होती. कुणीतरी म्हणालं, "अहो ताई, बरं वाटत नाही का?" त्यांनी उठून फेरी केली. वरच्या छोट्या खोलीत आल्यावर "ही खोली बंद आहे" म्हणाल्या आणि लोकांना तसंच खाली नेलं. दार ओढून घेताना त्यांना आतून अगदी हळू आवाज आला. कुणीतरी खात असताना गुणगुणावं तसा. वाऱ्यानं खिडकी कुरकुरली असेल, असं त्यांनी मानलं. खिडकीला आतून कडी होती.

गुरुवारी एकशे तीन पॉइंट आठ. तेही जुळलं. आणि गुरुवारी त्यांच्यानं राहवलं नाही. त्यांनी शुक्रवारचं पान उलटलं.

'शुक्रवार. १०५. शुद्ध नाही. डावा हात तेवढा हलवते.'

शनिवारचं पान कोरं होतं.

"कोरं का आहे?" त्या ओरडल्या. "मास्तर, पुढे काहीच का नाही?"

मास्तर शिडीवर चढून फलक टांगत होते. खाली उतरून त्यांनी डायरी हातात घेतली, आणि त्यांचाही चेहरा उतरला. "बाप काय लिहिणार, बाई?" ते म्हणाले. "हे पान उघडं करून काचपेटीत ठेवू. कोऱ्या पानाइतकं बोलणारं पान नाही."

माहितीबाईंना वाटलं, हिसकावून घ्यावी आणि जाळून टाकावी. हात पुढे गेलाही. पण पान फाडलं तर शनिवार टळेल, की भिंगरीच्या वाट्याचा शनिवारच नाहीसा होईल? त्यांनी हात मागे घेतला. आयुष्यभर जुन्या कागदांना जपलेला हात होता तो.

७

शुक्रवारी पहाटे भिंगरीला इस्पितळात हलवलं. हिरव्या पडद्यांची खोली, सलाईन, थंड पाण्याच्या पट्ट्या. रक्त तपासलं, सगळं तपासलं. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि प्रामाणिक होत्या. "ताप का उतरत नाही ते कळत नाहीये," म्हणाल्या. "आम्ही करतोय सगळं."

नऊ वर्षांच्या पोरीच्या अंगात एवढी धग असू शकते हे माहितीबाईंना माहीत नव्हतं. त्यांनी हाक मारली, "भिंगरे! ए बाळा!" डोळे अर्धवट उघडे, पण नजर कुठेच नाही. चादरीवर डावा हात तेवढा हलत होता, काहीतरी लिहीत असल्यासारखा.

आपण केलं हे. दुसऱ्या कुणी नाही. चार लोकांनी डोळे पुसावेत म्हणून आपल्या पोटच्या पोरीला आपण दिवसातून चार वेळा मारलं, दोन वर्षं, आणि त्याची वर मजाही घेतली.

रडून झाल्यावर त्या शांत झाल्या. डोकं चालायला लागलं. गोष्ट आपण सांगितली म्हणून खरी होत गेली. फलकावर अजून कापड आहे. शेवटचं पान अजून कोरं आहे. म्हणजे शेवट अजून कुणी लिहिलेला नाही.

शनिवारी दुपारी अडीच वाजता त्यांनी साडी ठीक केली आणि पर्स उचलली. सासूबाई बघतच राहिल्या.

"कुठे निघालीस?"

"संग्रहालयात."

"पोरगी अशी पडलीय आणि तू लोकांना खाट दाखवायला निघालीस? लाज नाही वाटत तुला?"

"वाटते," माहितीबाई म्हणाल्या. "म्हणूनच जातेय. काही झालं तर लगेच फोन करा."

८

साठ-सत्तर माणसं आली होती. छोट्या खोलीत मावतील तेवढी, बाकीची जिन्यावर, माना वर करून. फलकावर निळं कापड, काचपेटीत डायरी, भिंतीवर तो हललेल्या चेहऱ्याचा फोटो. खिडकीतून ऊन येत होतं. सगळं लख्ख दिसत होतं. दोरापलीकडे खाट. तिच्यावरची चादर सकाळी मास्तरांनी ताणून घातली असणार, पण आता मध्ये खोलगट दिसत होती. माहितीबाईंनी तिकडे पुन्हा बघितलं नाही.

त्यांनी सुरुवात केली. डावरी, हनुवटी, गुणगुणणं. लोकांनी नेहमीसारखे सुस्कारे सोडले. सोमवार झाला, मंगळवार, बुधवार. शुक्रवारही सांगून झाला. फोन त्यांनी मुठीत धरून ठेवला होता.

"आणि सहाव्या दिवशी," त्या मोठ्यानं म्हणाल्या, "तिचा ताप उतरला. ती जगली."

चुळबुळ झाली. पूर्वी येऊन गेलेले काही जण एकमेकांकडे बघायला लागले. मास्तरांच्या भुवया कपाळात गेल्या.

"ती मोठी झाली. शिकली. म्हातारी झाली. खूप जगली." बोलताना त्यांनी फोनकडे बघितलं. काही नाही. फोन थंड, काळा. सेकंद जात होते आणि काही म्हणता काही होत नव्हतं.

"मग गेलं कोण?"

आवाज लहान मुलाचा होता असं म्हणता येणार नाही, आणि मोठ्या माणसाचाही नव्हता. साधा प्रश्न, फेरीत कुणीही विचारावा असा. कुणी विचारला हे बघायला मान वळवण्याची कुणालाच गरज वाटली नाही. सगळे माहितीबाईंकडे बघत होते, उत्तराची वाट बघत. आवाज समोरून, माणसांमधून आलाच नव्हता. तो त्यांच्या डाव्या हाताकडून आला होता, दोराच्या आतल्या बाजूने.

बघायचं नाही म्हणता म्हणता डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्यांना दिसलंच. दोरावर एक हात ठेवलेला होता. लहान, डावा, बोटांना शाई लागलेला. मनगटाच्या वर काय होतं ते खिडकीच्या उन्हात गेलं होतं.

असलं काही दिसलं तर आपण किंचाळू असं त्यांना नेहमी वाटायचं. पण त्या किंचाळल्या नाहीत. प्रश्न बरोबर होता. खोली आजाऱ्याची म्हणून मांडली होती, खाट होती, खाली औषधं होती, आणि कुणीतरी जाणार म्हणून दोन वर्षं लोकांना सांगितलेलं होतं. एवढं सगळं मांडून ठेवल्यावर कुणीच गेलं नाही असं म्हणून भागणार नव्हतं.

"आई," त्या म्हणाल्या. "तिची आई गेली."

म्हटल्याबरोबर त्यांना एकदम हलकं वाटलं. इतकं सोपं होतं तर मग सोमवारीच का सुचलं नाही, याचाच त्यांना राग आला.

"कधी?" त्याच आवाजानं विचारलं.

याचं उत्तर त्यांनी येताना वाटेत पक्कं करून ठेवलं होतं. लेकीच्या बदल्यात कुणाला तरी द्यावंच लागलं, तर काय म्हणायचं ते. मुलगी मोठी झाल्यावर. तिचं सगळं मार्गी लागल्यावर, पिकल्या वयात, झोपेत. शब्द ओठांवर आले होते.

तेवढ्यात मुठीतला फोन थरथरला.

"अगं उतरला! उतरला ताप!" सासूबाई रडत होत्या की हसत होत्या तेच कळत नव्हतं. "घाम फुटलाय, डोळे उघडलेत. आई कुठेय विचारतेय. धावत ये!"

मग कसली फेरी आणि कसलं उद्घाटन! माहितीबाई माणसांना ढकलत, पायांवर पाय देत, जिना उतरून रस्त्यावर आल्या आणि हात करून रिक्षा थांबवली. आठ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी फेरी अर्धवट सोडली होती.

९

भिंगरी उशीला टेकून बसली होती. चेहरा एवढासा झालेला, केसांचा गुंता, पण डोळे तिचे, तिचेच.

"मला भूक लागलीय," ती म्हणाली. "आणि हे हाताला टोचलंय ते काढायला सांग."

माहितीबाईंनी तिला पोटाशी धरलं ते सोडेचनात. "आई, गुदमरतेय मी," भिंगरी म्हणाली तेव्हा कुठे हात सैल झाले. कपाळ गार, ओलसर. डॉक्टरीणबाई दोनदा येऊन गेल्या, दोन्ही वेळा थर्मामीटर झटकून बघितला आणि हसून खांदे उडवले. सासूबाई म्हणाल्या, "मघाशी तुला बोलले ते मनावर घेऊ नकोस बाई." कुणी कुणावर रागावलं नव्हतं. पोरगी दूध पीत होती, एक एक घोट, आणि माहितीबाईंना जगात आणखी काही नको होतं.

साडेपाच वाजता मास्तरांचा फोन आला. त्या बाहेरच्या मार्गिकेत गेल्या.

"लेक कशी आहे?" मास्तरांनी विचारलं. आवाजात वेगळीच तरतरी होती. "बरी आहे? वा वा, फार चांगलं झालं. तुम्ही इकडची काळजी करू नका बरं. मी निभावून नेलं सगळं."

"काय निभावून नेलं?"

"अहो, तुम्ही ऐन रंगात आल्यावर निघून गेलात! लोक सोडायला तयार नाहीत. आई कधी गेली, आई कधी गेली. आता पुरावा तर काही नाही. खरं म्हणजे माहीत नाही म्हणायला हवं होतं. पण बाई, सत्तर माणसं तोंडाकडे बघत उभी होती. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, ठोकून द्यावं." ते लाजल्यासारखं हसले. "आणि जमलं हो! अख्खी खोली रडली. फलकसुद्धा आता बदलून घेऊ."

"मास्तर, तुम्ही काय सांगितलंत?"

"हेच, की सहाव्या दिवशी लेकीचा ताप उतरला. तिनं डोळे उघडून आईला हाक मारली, आईनं तिला पोटाशी धरलं. आणि त्याच दिवशी, दिवे लागायच्या वेळेला, आई गेली."

"त्यांना परत बोलवा. सांगा, चुकलं. सांगा, खूप वर्षांनी गेली."

"आता कुठे बोलावू? गेले सगळे. आपापल्या घरी पोचून माणसांना सांगतही असतील. का हो? काही चुकलं का माझं?"

मार्गिकेच्या टोकाला खिडकी होती. समोरच्या इमारतीवर ऊन होतं, वरच्या दोन मजल्यांवर तेवढं उरलेलं. माहितीबाईंनी मनगटानं स्वतःचं कपाळ चाचपून बघितलं. मग त्या म्हणाल्या, "नाही मास्तर. चांगली सांगितलीत," आणि फोन ठेवला.

त्या आत आल्या. पर्समधून कंगवा काढून भिंगरीच्या मागे बसल्या आणि गुंता सोडवायला लागल्या, टोकाकडून वर, दुखू नये असा. केस विंचरता विंचरता सासूबाईंना सांगायला लागल्या. गोळी सकाळ-संध्याकाळ, उपाशीपोटी नाही. शाळेचा गणवेश वरच्या खणात, निळी वही बाईंना दाखवायची राहिलीय. तिला अंधारात झोपवू नका. डाव्या हातानं लिहिते म्हणून कुणाला ओरडू देऊ नका. तिचा बाबा बुधवारी फोन करेल, त्याला रजा काढून यायला सांगा.

"अगं, आजच काय हे सगळं?" सासूबाई हसून म्हणाल्या. "दमलीयस किती. उद्या सांग की."

"नाही, आत्ताच ऐकून घ्या," माहितीबाई म्हणाल्या, आणि वेणीचे तीन पेड हातात घेऊन पुढे सांगू लागल्या.